वजन आपोआप उतरलं तेव्हा

आमच्या घरात काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, कारखान्याला ऊस घालायला निघाले की ट्रॉली आधी खासगी काट्यावर चढवतात, तिथली पावती खिशात घालतात आणि मगच कारखान्याच्या काट्यावर जातात. दोन्ही आकडे जुळले तरी त्यांचं समाधान होत नाही. "दोगं मिळालेलं असत्याल," म्हणतात. अशा घरात मी वाढलो. तेव्हा या आजारपणात मी डॉक्टरांवर, नर्सवर, गोळ्यांवर, जिवलग मित्रावर आणि बायकोवरसुद्धा संशय घेतला, हे वाचून फार दचकू नका. गुण रक्तातलाच आहे.

हे लिहायला मला बारामतीच्या डॉक्टरबाईंनी लावलं. "खेळाडू आजार लपवतात. तुम्ही कसा लपवलात ते लिहा, म्हणजे एखादा लपवता लपवता सापडेल," असं त्या म्हणाल्या. मी लगेच विचारलं, "यात तुमचा काय फायदा?" त्या नुसत्या हसल्या. उत्तर अजून मिळालेलं नाही.

हाताची साखळी

मी इंदापूर तालुक्यातल्या कळंबचा, नाव हणमंत. कबड्डी खेळून पोट भरणारा माणूस. शाळेमागच्या मातीत सुरुवात केली, मग तालुका, जिल्हा, आणि शेवटी लीगचा संघ. तिथं माती नाही, मॅट. अंगावर जाहिरातीची जर्सी, आणि गावात टीव्हीवर मी दिसलो की तात्या आवाज वाढवणार.

सातजणांच्या फळीत मी मधोमध, सेंटरला. माझ्या डाव्या हाताला कव्हरला दत्ता, बारामतीजवळच्या कन्हेरीचा. कबड्डी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. चढाईवाला अंगावर येतो तेव्हा बचावातले दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहतात आणि हात न सोडता त्याला अडवतात. याला साखळी म्हणतात. त्या वेळी बोलायचं नसतं, बोललं की समोरच्याला कळतं. आमचं सगळं बोटांवर चालायचं. एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर घाल. नऊ वर्षं मी दत्ताचा हात धरला. बायकोचा हात एवढा वेळ धरलेला नाही, आणि हे ती मला वरचेवर ऐकवते.

आमच्या लीगमध्ये वजनाची मर्यादा असते. मोसमाआधी वजन द्यावं लागतं, आणि माझं हाड जड. दरवर्षी त्या आठवड्यात माझे हाल कुत्रं खात नसे. रेनकोट घालून भर उन्हात पळायचं, शेवटचे दोन दिवस पाणी सोडायचं, लवंग चघळत बसायचं. वजन द्यायच्या सकाळी ओठ फुटलेले आणि कुणी बोललं तरी मारावंसं वाटायचं.

त्या वर्षी मात्र काहीच करावं लागलं नाही. वजन आपोआप उतरत गेलं. मी मूळचा संशयी, म्हणून जिमच्या काट्यावर थांबलो नाही. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. मग किराणा दुकानात ज्वारीच्या पोत्याच्या काट्यावर चढलो, दुकानदार बघत राहिला. तिन्ही काटे मिळाले. वजन देऊन आलो तेव्हा आमचे प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. बघा जरा."

मी छाती काढून उभा राहिलो. गेले दोन महिने भूकच लागत नाही, हे काही मी सांगितलं नाही. जन्मभर आमच्या घरानं काट्यावर संशय घेतला, आणि ज्या दिवशी काटा खरंच काहीतरी सांगत होता, त्या दिवशी मी खूश झालो. माझी चूक इथं झाली. दुसरी कुठलीही चूक हिच्याएवढी मोठी नाही.

संध्याकाळची गोळी

पाठ आधीपासूनच दुखत होती. खेळाडूची पाठ दुखायचीच, त्यात काय. पण हे दुखणं निराळं होतं, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या खाली, मधोमध, खिळा ठोकल्यासारखं. संध्याकाळी चार वाजले की अंगात कसर यायची. पाचला सराव. मी साडेचारला तापाची गोळी घ्यायचो आणि गोळ्यांची पट्टी गुडघ्याच्या कॅपमध्ये लपवायचो.

दत्ता आणि मी सरावाच्या शिबिरात एकाच खोलीत. तो विचारायला लागला, "बरं हाय न्हवं तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

"न्हाय, इचारलं."

एकदा विचारलं असतं तर ठीक. तो रोज विचारायला लागला. माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्याच शिबिरात कऱ्हाटीचा एक नवा खेळाडू आला होता, तोही सेंटरचाच. त्याचं आणि दत्ताचं जेवणाच्या टेबलावर जमायचं, दोघंही बारामती तालुक्याचे. मी लांबून बघायचो. हे दोघं हसले की मला वाटायचं, माझ्यावरच हसले. दत्ताला आता दुसरा हात धरायचाय, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

मग एका सकाळी संघाच्या डॉक्टरनं मला एकट्याला बोलावलं. शर्ट काढायला लावला, मणक्यावरून अंगठा फिरवत आला आणि एका ठिकाणी दाबलं. मी असा ओरडलो की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"ताप कधीपासून येतोय?" त्यानं विचारलं.

मी कुणालाही ताप सांगितलेला नव्हता. गोळी कुणाला दाखवलेली नव्हती. खोलीत माणसं दोनच. आता यात शोध लावायला काय उरलं?

आठवडाभरात माझी जर्सी कऱ्हाटीवाल्याच्या अंगावर होती आणि मी पिशवी आणि एमआरआयची चिठ्ठी घेऊन कळंबच्या वाटेवर. निघताना दत्ता फाटकापर्यंत आला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

दुसरा काटा

बारामतीच्या दवाखान्यात एमआरआय झाला. निकालाच्या दिवशी मी, सारिका आणि तात्या डॉक्टरबाईंच्या समोर बसलो होतो. सारिका म्हणजे माझी बायको. बाईंनी उजेडात फिल्म धरली. मणक्यांची माळ दिसत होती आणि त्यातले दोन मणके कडेनं उंदरानं कुरतडावेत तसे.

"मणक्याचा टीबी आहे," त्या म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत तात्या बोलले. "बाई, टीबी म्हंजी खोकला. ह्यो कुठं खोकतोय?"

"तो फुप्फुसाचा, तात्या. हा हाडातला."

"हाडात कसा जाईल? हाडात पाणी तरी जातं का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "टीबी नखं आणि केस सोडून कुठंही जातो. गोळ्यांनी बरा होतो. पण यांनी खेळ आजपासून बंद करायचा. या मणक्यांवर आता एक जोराचा दणका बसला असता तर पाय गेले असते."

सारिकानं पदर तोंडाला लावला. मला त्या क्षणी मरणाची भीती वाटली नाही. चाकाच्या खुर्चीची वाटली. ज्या पायांवर मी माणसं अडवली ते पाय टेबलाखाली आहेत की नाहीत, हे मी हात घालून चाचपून बघितलं.

बाहेर आल्यावर तात्यांनी फिल्मची पिशवी काखेत मारली. "चला इंदापूरला. तितं दुसरा डॉक्टर हाय." तिथं त्यांनी रिपोर्ट लपवला आणि नुसती फिल्म पुढं केली. "तुमी वाचा काय ते." त्या डॉक्टरनं दोन मिनिटं बघितलं आणि तेच नाव घेतलं.

गाडीत बसल्यावर तात्या हळूच म्हणाले, "दोगं मिळालेलं असत्याल." पण या वेळी आवाजात दम नव्हता. पुढच्या आरशात मला दिसलं, तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होते.

अकरा दिवस

खात्री करायला पाठीतून सुई घालून हाडाचा बारीक तुकडा काढला, आणि पाय बधिर होतात का यावर लक्ष ठेवायला मला अकरा दिवस बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. सरळ झोपून राहायचं. कूस बदलायची तर दोघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं फिरवायचं. सहाला ताप बघणार, सातला उपाशीपोटी गोळ्या, मग सारिका ओल्या फडक्यानं अंग पुसणार. माझ्या अंगाला हात लावायची सामन्यात लोकांना भीती वाटायची, आणि आता बायको काखा पुसतेय. लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी तिच्यावरच खेकसायचो.

दुसऱ्या दिवशी लघवी लालभडक झाली. मी वॉर्ड डोक्यावर घेतला. "काय घातलंत गोळीत? कुणी सांगितलं तुम्हाला?" नर्स आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल गोळी देताना सांगितलं होतं, लाल होणार म्हणून. तुम्ही त्या वेळी पट्टीवरची नावं मोबाईलमध्ये तपासत होता." समोरच्या खाटेवरचे आबा एवढे हसले की त्यांचेच टाके दुखायला लागले.

त्याच नर्सनं मला दुपारी चहासाठी वाकडी प्लॅस्टिकची नळी आणून दिली. मला उठून बसता येत नव्हतं आणि चमच्यानं चहा पाजला की मानेवर सांडायचा. नळीनं कोमट चहा ओढला तेव्हा मला रडू आलं. तुमच्यापैकी कुणी असा आडवा असेल तर ती नळी मागून घ्या. अशा वेळी औषधाइतकंच हेही लागतं.

पण किडा काही गेला नव्हता. मला डुलकी लागली की सारिका वऱ्हांड्यात जाऊन फोनवर बोलायची, आणि मी हाक मारली की फोन बंद. चौथ्या दिवशी ती खाली औषधं आणायला गेली तेव्हा मी तिचा फोन उशीजवळून ओढला. दत्ताचं नाव. रोज. कधी दोन वेळा.

आता हे लिहायला हात जड होतोय, पण खरं लिहायचं ठरलंय. त्या दुपारी मी माझ्या बायकोबद्दल आणि माझ्या मित्राबद्दल जे मनात आणलं ते माणसानं आणू नये. माझी जागा गेली, आता घरही जातंय, इथपर्यंत मी पोचलो. विचारलं असतं तर दोन वाक्यांत सुटलं असतं. मी विचारलं नाही. संशयी माणसाला खरं तर उत्तर नकोच असतं. मी फोन होता तिथं ठेवला आणि ती वर आल्यावर म्हणालो, "लय वेळ लागला." ती म्हणाली, "रांग हुती."

पट्टा

घरी आलो ते छातीपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा बांधून. गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या होत्या. सकाळी गोळ्या घेतल्या की तासभर मळमळ, तोंडाला लोखंडाची चव. गावात चर्चा. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे परदेशी पावडर खाऊन हाडं पोकळ झाली. माझं पाण्याचं भांडं वेगळं ठेवावं का, असं शेजारच्या काकू सारिकाला कुजबुजून विचारून गेल्या. सारिकानं त्यांच्यासमोरच माझ्या भांड्यातलं पाणी पिऊन टाकलं. मी ते दारातून बघितलं, आणि तरीसुद्धा मनातला किडा मेला नाही. बघा माणूस कसा असतो.

लीग सुरू झाली तशी मी घरातला टीव्ही बंद करून टाकला. दत्ताच्या शेजारी दुसऱ्याला बघणं मला झेपलं नसतं. दत्ता मोसमाआधी दोनदा कळंबला येऊन गेला. दोन्ही वेळा मी आतून तात्यांना खुणावलं आणि तात्यांनी "झोपलाय" म्हणून वाटेला लावला. तात्यांना माझा संशय बिनपुराव्याचा मान्य होता.

गोळ्यांचा डोस वजनावर असतो, म्हणून दर महिन्याला आरोग्य केंद्राच्या आशाताई काटा घेऊन यायच्या. पहिल्यांदा चढलो तेव्हा जुन्या सवयीनं श्वास आत ओढला. त्या म्हणाल्या, "पोट कशाला आत घेताय? आता वाढायला पाहिजे." पाचव्या महिन्यात तीन किलो वाढलं. तात्यांनी मला उठवून, गाडीत घालून किराणा दुकानातल्या ज्वारीच्या काट्यावर नेलं. तिथंही तेवढंच भरलं.

गार हात

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी चालायला परवानगी दिली. मी संध्याकाळी पट्टा बांधून शाळेमागच्या मैदानापर्यंत गेलो. तात्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मागोमाग. मैदानाच्या कडेला दत्ता उभा होता आणि त्याच्याशेजारी सारिका.

पळून जायची सोय नव्हती, पट्ट्यात वाकताही येत नाही.

"हिनं बोलवलं व्हय तुला?" मी म्हणालो.

"व्हय, मीच बोलवलं," सारिका म्हणाली. "तुमी दोगं बोलल्याशिवाय मी न्हाय जाणार हितनं."

पाच महिन्यांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "डॉक्टरला तूच सांगितलंस ना? खरं बोल."

दत्तानं मान डोलावली. "व्हय. म्याच सांगितलं."

मला वाटलं होतं तो नाकारेल. भांडायची सगळी तयारी त्यावरच होती. "गोळी बगितलीस?"

"न्हाय. गोळी तर आता कळतीय." त्यानं स्वतःचा उजवा पंजा उघडला आणि त्याच्याकडंच बघत बोलला. "तुजा हात. सकाळच्या सरावाला गार असायचा, सांजच्याला तापलेला. आधी वाटलं खेळून तापला असंल. मग मी सराव सुरू व्हायच्या आदी धरून बगायला लागलो. पंधरा दिवस, रोज. तुला इचारलं की तू अंगावर यायचास. मग काय करू? तसाच धरून उभा ऱ्हाऊ?"

मी कोणीही पाहू नये म्हणून गुडघ्याच्या कॅपमध्ये गोळ्या लपवत होतो, आणि रोज संध्याकाळी स्वतःच माझा ताप त्याच्या हातात देत होतो.

"मग फायदा झाला ना? कऱ्हाटीवाला आला शेजारी," मी उगाच म्हणालो. विषाचा शेवटचा थेंब निघायचा होता.

सारिका पुढं आली. "तुमी टीव्ही बंद केला म्हणून तुमाला ठाव न्हाय. दत्ता भावजींनाबी बाहेर बसवलं. एकाच खोलीत ऱ्हायचे म्हणून. डॉक्टर सांगत हुता की ह्यो टीबी लागत न्हाय, पण ऐकतंय कोण? निम्मा मोसम बाकावर बसले ते."

"आणि फोन?"

"रोज तुमचा ताप इचारायचे. तुमी जागं झालात की त्यांच्या नावानं चवताळायचा, म्हणून बंद करायची."

दोन वाक्यं. खरोखर दोनच वाक्यं लागली. मी मैदानाकडं तोंड फिरवलं, कारण तोंड कुणाला दाखवावं तेच कळेना. मग दत्ता माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, नेहमीच्या जागेवर, आणि त्यानं माझी बोटं धरली. मी "माझं चुकलं" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं बोटं दाबली. एकदा. आमच्यात एकदा म्हणजे थांब.

तुम्हाला

दीड वर्षाच्या गोळ्या पूर्ण झाल्या. मणके जुळले, पाय शाबूत आहेत. पण बाईंनी फिल्म बघून सांगितलं की अंगाला अंग भिडेल असा खेळ आता कधीच नाही. मी दुसऱ्या काट्यावर जाऊन आलो, इंदापूरचा डॉक्टरही तेच म्हणाला. माझी कारकीर्द संपली.

तुम्ही खेळाडू असाल आणि न मागता वजन उतरत असेल, संध्याकाळी अंगात कसर येत असेल, तर खूश होऊ नका, संशय घ्या. डॉक्टरवर घ्यायचा तर जरूर घ्या, दुसऱ्याला दाखवा, पण दाखवा. गोळी मधेच सोडू नका. आणि जो माणूस रोज "बरं आहे ना" विचारतो त्याला आधी उत्तर द्या, शोध मागाहून लावा.

शेवटची गोळी घेतली त्या दिवशी संध्याकाळी दत्ता आला. आता तो आला की आधी हात धरतो, मग बोलतो. मैदानाच्या कडेला त्यानं माझा डावा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"गार हाय."

खुर्चीतून तात्या खाकरले. "त्योच हात काय बगतोस? दुसरा बग. एका काट्यावर भरवसा ठिवू नगं."

दत्ता फिरून माझ्या उजव्या बाजूला आला आणि त्यानं दुसरा हात धरला.